लेन्यानोच्या चौकातला योद्धा : बैलांच्या गाड्याभोवती लढली गेलेली लढाई

उत्तर इटलीत मिलानच्या वायव्येला, लोकलने साधारण अर्ध्या तासावर लेन्यानो नावाचं गाव आहे. ओलोना नावाची लहानशी नदी, कापडगिरण्या आणि यंत्रांच्या कारखान्यांचा इतिहास, साठ हजारांच्या आसपास वस्ती. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की एक चौक लागतो. त्याचं नावच ‘पियाझ्झा मोन्युमेन्तो’, म्हणजे स्मारकाचा चौक. मधोमध उंच दगडी चौथरा आणि त्यावर ब्राँझचा एक योद्धा. एका हातात ढाल, दुसरा हात तलवारीसकट थेट आभाळात गेलेला.

हा कोण, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, आल्बेर्तो दा जुस्सानो. ११७६ साली सम्राटाला हरवणारा वीर. शाळेतल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना हे नाव पाठ असतं. अडचण एवढीच, की या नावाचा सेनानी त्या लढाईत होता याचा त्या काळचा एकही पुरावा नाही. बहुतेक इतिहासकार त्याला दंतकथाच मानतात.

मग तिथे लढलं कोण, आणि कशासाठी? हे नीट समजून घेतलं, तर पुतळ्यातल्या तलवारीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट हाती लागते. माझ्या मते ती तलवारीची गोष्ट नाहीच. ती जकातीची, पाणचक्कीची, गावाच्या तटबंदीची आणि न्यायाधीश कुणी नेमायचा याची गोष्ट आहे.

सम्राट दूर, कारभार जवळ

बाराव्या शतकात ‘इटली’ नावाचा देश नव्हता. उत्तरेकडचा भाग कागदोपत्री जर्मन सम्राटाच्या राज्यात मोडायचा. त्या राज्याला आपण पवित्र रोमन साम्राज्य म्हणतो. पण सम्राट आल्प्सच्या पलीकडे. तो कधीतरी फौज घेऊन उतरायचा, राज्याभिषेक करून घ्यायचा, कर गोळा करायचा आणि परत जायचा. एकदा गेला की कित्येक वर्षं फिरकायचा नाही.

या मधल्या काळात शहरांचा कारभार चालवायचा कुणी? आधी बिशप चालवत. मग अकराव्या शतकाच्या शेवटी शेवटी शहरातल्या वजनदार मंडळींनी एकत्र येऊन शपथ घ्यायला सुरुवात केली, की आपण आपसातून कारभारी निवडू, त्यांचं ऐकू, एकमेकांना धरून राहू. निवडलेल्या कारभाऱ्यांना ‘कॉन्सुल’ म्हणत आणि या शपथेने बांधलेल्या नगरसंस्थेला ‘कोमूने’. मिलान, क्रेमोना, ब्रेशा, बेर्गामो, पाविया, लोदी, कोमो अशी एकेक शहरं आपापली कोमूने झाली.

ही आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती, हे इथेच सांगायला हवं. बायकांना आवाज नव्हता, गरिबांना जवळजवळ नव्हता, आणि शहराभोवतालच्या खेड्यांतला शेतकरी तर शहराच्याच हुकमाखाली होता. तरीही राजाने न नेमलेले, ठरावीक मुदतीने बदलणारे कारभारी, आणि त्यांना जाब विचारू शकणारी नागरिकांची सभा, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. व्यापार वाढत होता, पैसा खेळत होता. वेशीवर जकात शहर घ्यायचं. नदीवरच्या पाणचक्क्यांचं भाडं शहराकडे जायचं. तंटा झाला तर निवाडा शहराचा माणूस करायचा. कायद्याच्या भाषेत हे सगळे हक्क राजाचे होते, पण राजा नसताना शहरांनी ते वापरले आणि दोन-तीन पिढ्यांत ते अंगवळणी पडले.

११५२ मध्ये फ्रेडरिक पहिला जर्मनीचा राजा झाला आणि ११५५ मध्ये सम्राट. त्याची दाढी तांबडी होती म्हणून इटालियन लोक त्याला ‘बार्बारोस्सा’ म्हणत. माणूस कर्तबगार, हट्टी, आणि आपलं काम देवाने दिलेलं आहे अशी ठाम समजूत असलेला. आपले हक्क लोकांनी परस्पर वाटून घेतलेत, हे त्याला सहन होणारं नव्हतं.

११५८ मध्ये पियाचेन्झाजवळच्या रोंकालियाच्या मैदानात त्याने सभा भरवली. बोलोन्यातले चार नामांकित कायदेपंडित बोलावले आणि राजाचे हक्क कोणते त्याची यादी करायला लावली. या हक्कांना ‘रेगालिया’ म्हणत. यादी वाचली की भांडण कशाचं होतं ते लख्ख कळतं : रस्ते, नावा चालतील अशा नद्या, बंदरं, जकाती, टाकसाळ, दंडाची रक्कम, चक्क्या, मासेमारी, मिठागरं. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं कलम म्हणजे शहरांचे अधिकारी नेमण्याचा हक्क. यादी पास झाली आणि सम्राटाचे नेमलेले अंमलदार शहरांत जाऊन बसू लागले.

स्वातंत्र्य हा शब्द आपण एवढ्या मोठ्या आवाजात उच्चारतो, की त्याच्या आत काय असतं ते कधी कधी दिसेनासं होतं. इथे त्याच्या आत काय आहे ते अगदी स्पष्ट दिसतं. गावच्या वेशीवर उभा असलेला जकातवाला कुणाचा माणूस, एवढ्यावर ते येऊन ठेपतं.

मिलान काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं

पुतळ्याच्या गोष्टीत मिलान आणि तिच्या सख्या एका बाजूला आणि दुष्ट सम्राट दुसऱ्या बाजूला असतो. खरा हिशेब इतका सरळ नाही, आणि मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे.

मिलान हे त्या प्रदेशातलं दांडगं शहर होतं. शेजारच्या लोदीची वाढ त्यांना खुपत होती, म्हणून ११११ साली, म्हणजे बार्बारोस्साच्या जन्माच्याही आधी, मिलानच्या लोकांनी लोदी जमीनदोस्त केलं. ११२७ मध्ये कोमोची तीच गत केली. ११५३ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टन्स गावी बार्बारोस्साचा दरबार भरला होता, तेव्हा लोदीचे दोन व्यापारी खांद्यावर क्रूस घेऊन त्याच्यापुढे गेले आणि मिलानविरुद्ध न्याय मागितला. म्हणजे लोदीच्या माणसांसाठी सम्राट हा जुलूम करणारा नव्हता. बलाढ्य शेजाऱ्यापासून वाचवू शकेल असा तोच एक होता.

म्हणून पुढे जेव्हा मिलान आणि सम्राट यांची जुंपली, तेव्हा बरीच शहरं सम्राटाच्या बाजूला गेली. लांबलेल्या वेढ्यानंतर मार्च ११६२ मध्ये मिलानने शरणागती पत्करली. नागरिकांना शहराबाहेर काढलं आणि शहर पाडायचा हुकूम सुटला. पाडलं कुणी? लोदी, क्रेमोना, पाविया, कोमो, नोव्हारा अशा शेजारच्या शहरांतल्या लोकांना मिलानचा एकेक भाग वाटून दिला होता, आणि त्यांनी तो मन लावून पाडला. पन्नास वर्षांचा राग होता तो. मिलानमधल्या एका देवळात, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी राजांच्या म्हणून पूजल्या जाणाऱ्या अस्थी होत्या. त्या ११६४ मध्ये उचलून कोलोनला नेल्या, आणि कोलोनचं कॅथीड्रल आजही त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातला थोडा भाग मिलानला परत मिळाला तो थेट १९०३-०४ च्या सुमारास.

आणि मग, अवघ्या पाच वर्षांत, वारं फिरलं. सम्राटाच्या अंमलदारांनी कर वसूल करताना मित्र आणि शत्रू असा भेद केला नाही. ज्यांनी मिलान पाडायला हात लावला होता, त्यांनाच कळून चुकलं की मिलान नुसतं पहिलं होतं, पुढची पाळी आपली. मार्च-एप्रिल ११६७ मध्ये क्रेमोना, ब्रेशा, बेर्गामो, मान्तोव्हा यांनी आपसात करार केला. परंपरा सांगते, की पोन्तीदाच्या मठात ७ एप्रिलला शपथ झाली. नेमकी ती शपथ तिथेच आणि त्याच दिवशी झाली का, यावर वाद आहे. करार झाले यावर नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस या शहरांचे सशस्त्र लोक मिलानच्या बेघर नागरिकांना घेऊन त्यांच्या पडक्या शहरात परत सोडून आले. यात क्रेमोना होतं, हे मी मुद्दाम सांगतो. पाच वर्षांपूर्वी कुदळ घेऊन आलेलं क्रेमोना, आता वेस बांधायला मदत करणारं.

वर्षअखेरीला हा संघ वाढला. त्यालाच लोम्बार्ड लीग म्हणतात. कट्टर दुखावलेलं लोदीसुद्धा, आधी थोडी जबरदस्ती होऊन का होईना, त्यात आलं. पोप तिसरा अलेक्झांडर सम्राटाशी भांडत होता, त्यामुळे तोही लीगच्या बाजूला. ११६८ मध्ये लीगने एक नवंकोरं शहर वसवलं आणि पोपच्या नावावरून त्याचं नाव आलेस्सांद्रिया ठेवलं. घाईघाईत उभारलेलं म्हणून विरोधक त्याला ‘गवताचं शहर’ म्हणून हिणवत. ११७४ च्या शरदात बार्बारोस्साने त्याला वेढा घातला आणि ११७५ च्या ईस्टरला हात हलवत उठला. गवताचं शहर त्याला घेता आलं नाही.

गाडा

लढाईकडे येण्याआधी एक वस्तू जवळून बघायला हवी, कारण सगळी लढाई तिच्याभोवती फिरते. तिचं नाव ‘कार्रोच्चो’.

कार्रोच्चो म्हणजे चार चाकांचा मोठा गाडा. तो बैल ओढत. घोडे नाहीत, बैल. गाड्याच्या मध्ये उंच खांब, खांबावर क्रूस आणि शहराचं निशाण. गाड्यावर पाद्री उभे राहून लढाई चालू असताना प्रार्थना म्हणत. ‘मार्तिनेल्ला’ नावाची घंटाही असायची. ही कल्पना मिलानचा आर्चबिशप आरिबेर्तो याने १०३० च्या दशकाच्या शेवटी काढली असं सांगतात.

रणांगणात बैलगाडी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण विचार करा. सरदार घोड्यावर असतात. त्यांचा झेंडा त्यांच्याबरोबर पळतो, पुढे जातो, मागे येतो. पायदळातल्या माणसाला, म्हणजे एरवी विणकर, लोहार, चांभार असलेल्या माणसाला, धुळीत आपली माणसं कुठे आहेत ते कळायचं कसं? गाडा हळू चालतो हाच त्याचा गुण. तो पळू शकत नाही. गाडा जिथे उभा, तिथे आपण उभे. निशाण दिसतंय तोवर शहर हरलेलं नाही. आपल्याकडे जरीपटक्याला जो मान होता तोच इथे गाड्याला, फक्त हा जरीपटका जमिनीला खिळलेला.

आणि मिलानच्या माणसांना गाडा गमावणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. मार्च ११६२ च्या शरणागतीत त्यांना आपला कार्रोच्चो लोदीला, बार्बारोस्सापुढे न्यावा लागला होता. तिथे गाड्याचा खांब सम्राटासमोर वाकवून जमिनीपर्यंत आणला. शहराच्या निशाणाने घातलेलं ते लोटांगण. ११७६ मध्ये गाड्याभोवती उभ्या राहिलेल्या कित्येकांनी ते चौदा वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं असणार.

२९ मे ११७६

बार्बारोस्साला माणसं कमी पडत होती. ११६७ च्या उन्हाळ्यात रोमजवळ साथीने त्याच्या फौजेचा फडशा पाडला होता. ११७६ च्या सुरुवातीला त्याने आपला मामेभाऊ हेन्री ‘सिंह’ याच्याकडे कुमक मागितली. हेन्री जर्मनीतला सगळ्यात ताकदवान सरदार. त्याने नकार दिला. तरी कोलोनच्या आर्चबिशपाबरोबर घोडेस्वारांची कुमक वसंतात आल्प्स ओलांडून उतरली. सम्राट स्वतः तिला गाठायला उत्तरेला गेला. कोमोची माणसंही त्याच्यात सामील झाली. आता दक्षिणेला जायचं आणि पावियाच्या मित्रफौजेला मिळायचं, असा बेत.

तो बेत हाणून पाडायचा तर दोघे एकत्र यायच्या आत गाठायला हवं, हे लीगने ओळखलं. लेन्यानोजवळ गाडा आला. मिलानचं पायदळ आणि घोडदळ, ब्रेशाचे स्वार, पियाचेन्झाचे, वेर्चेल्ली आणि नोव्हाराचे, आणि लोदीचे पन्नासेक घोडेस्वार. लोदीचे. मिलानविरुद्ध क्रूस खांद्यावर घेऊन रडत गेलेल्या लोदीचे.

लीगची सातशेच्या आसपास स्वारांची टेहळणी तुकडी पुढे गेली होती. तिची सम्राटाच्या आघाडीच्या तीनशे स्वारांशी अचानक गाठ पडली. मागोमाग मुख्य फौज घेऊन सम्राट आला आणि लीगचं घोडदळ मोडलं. बरेच स्वार मागे पळाले, काही पार लांबपर्यंत. मैदानात गाडा उरला आणि गाड्याभोवती पायदळ.

त्या काळची लढाईची रीत अशी होती, की घोडदळ मोडलं की काम संपलं. पायदळ हे लूट उचलायला, खंदक खणायला. चिलखत घातलेला स्वार भाला रोखून धावत आला, की पायी उभा असलेला माणूस पळतो, आणि पळणाऱ्याला मागून कापणं सोपं असतं. सम्राटाच्या स्वारांचा अंदाज तोच होता.

पायदळ पळालं नाही. ढालीला ढाल लावून त्यांनी गाड्याभोवती भिंत केली आणि ढालींच्या फटींतून लांब भाले बाहेर काढले. यात एक साधी गोष्ट आहे जी लढाईच्या चित्रांत दिसत नाही : घोडा हा शहाणा प्राणी आहे. टोकदार भाल्यांच्या रांगेवर तो स्वतःला झोकून देत नाही. तो शेवटच्या क्षणी थबकतो, वळतो. स्वाराचा सगळा जोर वेगात असतो, वेग गेला की तो एक उंच, जड, सहज दिसणारं सावज उरतो. म्हणून भिंत टिकली तर घोडदळ हतबल होतं. भिंत टिकवायची तर शेजारचा पळणार नाही याची खात्री हवी. ती खात्री शिस्तीतून येते, आणि शिस्त शहरात एकाच आळीत राहिल्यातून, एकाच धंद्यात असल्यातून, एका शपथेतून येते. कोमूनेची शपथ आणि ढालींची भिंत या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नाहीत.

हल्ल्यामागून हल्ले होत राहिले आणि भिंत उभी राहिली. तेवढ्या वेळात मागे गेलेले मिलानचे स्वार सावरले, ब्रेशाचे ताजे स्वार त्यांना मिळाले, आणि ते सगळे बाजूने येऊन सम्राटाच्या फौजेवर तुटून पडले. सम्राटाचा निशाणधारी पडला. मग सम्राट स्वतः घोड्यावरून खाली आला आणि दिसेनासा झाला. नेता दिसेनासा झाला की फौजेचं काय होतं, हे पानिपत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. जर्मन फौज उधळली. कोमोच्या माणसांची फार मोठी हानी झाली. सम्राटाची ढाल, भाला, निशाण आणि क्रूस मिलानच्या हाती लागला. विजयाची बातमी कळवणारं त्यांनी बोलोन्याला धाडलेलं पत्र इतिहासात टिकून राहिलं आहे, त्यात ही यादी आहे.

सम्राट मेला अशीच सगळ्यांची समजूत झाली. सम्राज्ञी बेआत्रिचेने सुतकाची वस्त्रं नेसली. काही दिवसांनी तो आडवाटेने पावियाला जिवंत पोचला.

नेमकी लढाई कुठल्या शेतात झाली, हे आजही पक्कं सांगता येत नाही. लेन्यानो आणि आसपासची दोन-तीन गावं आपापला दावा सांगतात.

जिंकल्यावर सात वर्षं

आपल्याला लढाया पाठ असतात, तह नसतात. इथे तहच खरा ऐवज आहे. लढाईनंतर दुसऱ्याच दिवशी काही बदललं नाही. सम्राटाने आधी पोपशी जुळवून घेतलं. ११७७ मध्ये व्हेनिसला पोपशी समेट आणि लीगशी सहा वर्षांचा युद्धविराम झाला. मुदत संपता संपता, २५ जून ११८३ रोजी, कॉन्स्टन्सला कायमचा तह झाला. तीस वर्षांपूर्वी लोदीचे दोन व्यापारी जिथे क्रूस घेऊन उभे राहिले होते, तेच कॉन्स्टन्स.

तहातली कलमं सोप्या भाषेत अशी. शहरांनी आपले कॉन्सुल आपण निवडावेत, सम्राटाकडून त्यांना मान्यता घ्यावी. शहराच्या हद्दीतले राजहक्क, म्हणजे रोंकालियाच्या यादीतले, शहरांनी पूर्वापार वापरले तसे वापरावेत. तटबंदी बांधायला मोकळीक. लीग चालू ठेवायला मोकळीक, हे तर सम्राटाने आपल्याविरुद्धच्या संघाला दिलेलं मान्यतापत्रच. बदल्यात १५ ते ७० वयाच्या पुरुषांनी सम्राटाशी निष्ठेची शपथ घ्यावी. सम्राट इटलीत उतरला तर त्याच्या फौजेसाठी ‘फोद्रो’ नावाचा कर द्यावा. या शब्दाचा मूळ अर्थ दाणावैरण. २५ लिरांच्या वरच्या दाव्यात सम्राटाकडे अपील करता येईल, पण त्यासाठी कुणाला जर्मनीला जावं लागणार नाही, सम्राटाचा माणूस इटलीतच ते ऐकेल.

हे शेवटचं कलम मला फार आवडतं. कुणीतरी वाटाघाटीच्या टेबलाशी बसून आपल्या गावातल्या एखाद्या मध्यम व्यापाऱ्याचा विचार केला, की याचा दावा अडला तर हा बिचारा आल्प्स ओलांडून कसा जाईल. तलवार उगारलेल्या पुतळ्यात हा माणूस दिसत नाही.

शहरांनी ‘सम्राट नको’ असं कुठेच म्हटलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. तो असावा, दूर असावा, आणि आमचा कारभार आमच्याकडे असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. राष्ट्र, देश, इटली असे शब्द त्यांच्या डोक्यात नव्हते. ते शब्द सातशे वर्षांनी आले आणि येताना त्यांनी पुतळा आणला.

आल्बेर्तो येतो कुठून

आल्बेर्तो दा जुस्सानो पहिल्यांदा कागदावर येतो तो गाल्वानो फियाम्मा नावाच्या डोमिनिकन साधूच्या लिखाणात, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात. लढाईनंतर दीडशे वर्षांनी. त्याच्यासोबत येते ‘मृत्यूची तुकडी’, गाडा सोडणार नाही अशी शपथ घेतलेले ९०० वीर. लढाईच्या काळचे वृत्तान्त या दोघांविषयी गप्प आहेत.

फियाम्मा लिहीत होता तेव्हा मिलानमध्ये कोमूने नावापुरतीच उरली होती. १२७७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, विस्कोन्ती घराणं शहर चालवत होतं. निवडलेल्या कारभाऱ्यांची जागा एका धन्याने घेतली होती. अशा काळात जुन्या विजयाची गोष्ट सांगताना हजारो अनाम पायदळ्यांच्या जागी एक उंच, देखणा सेनानी उभा राहावा, हे मला समजण्यासारखं वाटतं. एका माणसाच्या राज्यात गोष्टीलाही एक माणूस लागतो.

मधल्या काळात गाड्याचं नशीबही फिरलं होतं. १२३७ मध्ये कोर्तेनुओव्हाला बार्बारोस्साचा नातू फ्रेडरिक दुसरा याने मिलानला हरवलं आणि कार्रोच्चो पकडला. तो क्रेमोनात हत्तीला जुंपून मिरवला, आणि मग रोमला भेट म्हणून धाडला.

एकोणिसाव्या शतकात इटलीला एक देश करायची चळवळ उभी राहिली. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं मराठी वाचकाला शंभराहून अधिक वर्षं ओळखीची आहेत. मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. जर्मन बोलणारा सम्राट आल्प्सच्या पलीकडे, त्याचा अंमलदार मिलानमध्ये. लेन्यानोची आठवण निघायला आणखी काय हवं? १८४७ मध्ये गोफ्रेदो मामेलीने लिहिलेल्या आणि आज राष्ट्रगीत असलेल्या गीतात म्हटलंय, की आल्प्सपासून सिसिलीपर्यंत सगळीकडे लेन्यानोच आहे. रोम सोडलं तर त्या गीतात नाव आलेलं हे एकच शहर. संगीतकार व्हेर्दीने या लढाईवर ऑपेरा रचला, तो १८४९ च्या जानेवारीत रोमला सादर झाला. जून १८६२ मध्ये गॅरिबाल्डी स्वतः लेन्यानोला आला आणि स्मारक करा म्हणून सांगून गेला.

पहिलं स्मारक १८७६ मध्ये, लढाईला सातशे वर्षं झाली तेव्हा उभं राहिलं. शिल्पकार एजिदियो पोत्सी. ते हलक्या सामग्रीचं होतं, टिकलं नाही. आजचा ब्राँझचा योद्धा एन्रिको बुत्तीने केला आणि २९ जून १९०० रोजी त्याचं अनावरण झालं. तो कुणा एकाचा नाही, एका योद्ध्याचा पुतळा आहे. पण लोकांना नाव हवं असतं. त्यांनी त्याला आल्बेर्तो केलं आणि तो आल्बेर्तोच राहिला.

तेव्हापासून हा योद्धा किती ठिकाणी गेला! सायकलींच्या चिन्हात गेला. युद्धनौकेला त्याचं नाव मिळालं. १९८० च्या दशकात उत्तर इटलीतल्या एका राजकीय पक्षाने त्याला आपलं चिन्ह केलं. तो पक्ष म्हणत होता, की रोमच्या सरकारपासून उत्तरेला मोकळीक हवी. म्हणजे देश एक करण्यासाठी उभारलेला पुतळा पुढे देशापासून अंतर मागायच्या कामी आला. लेन्यानोतल्या कित्येकांना याचं वाईट वाटतं, आणि ते मला पटतं. चौक सगळ्या गावाचा आहे.

गावाकडे स्वतःची आणखी एक आठवण आहे, ती जास्त जिवंत आहे. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथे ‘पालियो’ होतो. गावाच्या आठ आळ्या, त्यांना ‘कोन्त्रादा’ म्हणतात, आपापल्या रंगांत, मध्ययुगी पोशाखात मिरवणुकीने निघतात. घोड्यांची शर्यत होते. मिरवणुकीच्या शेवटी बैल जुंपलेला कार्रोच्चो येतो. जिंकणाऱ्या आळीला आर्चबिशप आरिबेर्तोच्या क्रूसाची प्रतिकृती मिळते आणि ती वर्षभर त्या आळीच्या चर्चमध्ये राहते. पोशाख शिवायला, घोडा ठरवायला, मेजवानीचा स्वयंपाक करायला आळी वर्षभर राबते. आपल्या गणेशोत्सव मंडळात वाढलेल्या कुणालाही हे दोन मिनिटांत कळेल.

पण मला सगळ्यात जवळचं वाटणारं स्मारक लेन्यानोत नाही आणि ते लढाईनंतरचंही नाही. ११७१ मध्ये, म्हणजे लढाईच्या पाच वर्षं आधी, मिलानच्या लोकांनी पाडलेल्या तटाला नवी वेस बांधली, पोर्ता रोमाना. तिच्या खांबांवर दगडात एक मिरवणूक कोरली. ती आज मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. दगड झिजलाय, चेहरे जवळजवळ सारखे. कारागिरांनी, आन्सेल्मो आणि जिरार्दो, आपली नावं घालून ठेवलीत. पुढे निशाण घेतलेला एक साधू, मागे माणसं, सगळी एका दिशेने चाललेली. मिलानचे बेघर झालेले लोक घरी परत चाललेत. ज्या शहरांनी त्यांना पोचवलं त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत : क्रेमोना, ब्रेशा, बेर्गामो.